दुर्बिणीचं जुनं मॉडेल घ्यावं की नवं? त्याआधी अर्न्स्ट आबे कोण होते ते वाचा

पक्षी बघायला चांगल्यातली चांगली दुर्बीण घ्यायची ठरवली की दोन धक्के बसतात. पहिला किमतीचा. युरोपातल्या नामांकित कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतल्या दुर्बिणी लाखाच्या पुढेच जातात. दुसरा धक्का जरा विचित्र आहे. त्याच कंपनीचं, त्याच आकड्यांचं, दिसायला जवळपास तसंच जुनं मॉडेल बरंच कमी पैशात मिळत असतं. दोन्हींवर ८×४२ लिहिलेलं, दोन्हींवर नाव तेच. मग वरचे पैसे नेमके कशाचे?

माहितीपत्रक उघडावं तर डोकं आणखी गरगरतं. एफएल लेन्स, ईडी काच, एचटी काच, आबे-कोनिग प्रिझम, टी-स्टार कोटिंग. या सगळ्या शब्दांमध्ये 'आबे' हे एका माणसाचं आडनाव आहे. आणि गंमत म्हणजे बाकीच्या बहुतेक शब्दांचा माग काढत गेलं तरी आपण त्याच माणसापाशी येऊन पोचतो.

त्यांचं नाव अर्न्स्ट आबे. आज आपण ज्याला बायनॉक्युलर म्हणतो, ती प्रिझमची जोडदुर्बीण बाजारात आणणारे जर्मन शास्त्रज्ञ. प्रिझमची दुर्बीण त्यांनी वयाच्या तेहतिशीत करून पाहिली होती. विकायला आणली चोपन्नाव्या वर्षी. मधली वीसएक वर्षं कशात गेली, हे समजलं की जुन्या आणि नव्या मॉडेलमधला फरक कुठे शोधायचा हेही बरंचसं समजतं.

यंत्राला टेकून जेवणारे वडील

आबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० चा. गाव जर्मनीच्या थुरिंगिया भागातलं आयझेनाख. वडील गेऑर्ग आडाम आबे सूतगिरणीत कामाला होते. रोजचं काम १४ ते १६ तासांचं, तेही उभ्यानं. दुपारच्या जेवणाची वेगळी सुट्टी नव्हती. पाच ते नऊ वर्षांचा असताना अर्न्स्ट आणि त्याची धाकटी बहीण आळीपाळीनं वडिलांचा डबा घेऊन गिरणीत जायचे. वडील यंत्राला टेकून किंवा एखाद्या खोक्यावर बसून घाईघाईनं जेवायचे, रिकामा डबा मुलाच्या हातात द्यायचे आणि लगेच कामाला लागायचे. अंगापिंडानं धिप्पाड असलेला हा माणूस पन्नाशीच्या आतच म्हातारा दिसायला लागला होता.

हे चित्र आबे आयुष्यभर विसरले नाहीत. साठीला आल्यावर भर सभेत त्यांनी ते सांगितलं. त्याचा संबंध पुढे येईलच.

मुलगा हुशार होता. गिरणीच्या मालकानं शिक्षणाला हातभार लावला. आबे आधी येना आणि मग ग्योटिंगन विद्यापीठात शिकले. ग्योटिंगनला त्यांना बर्नहार्ड रीमान आणि विल्हेल्म वेबर यांच्यासारखे शिक्षक मिळाले. १८६१ मध्ये डॉक्टरेट झाली, तेव्हा वय होतं २१. दोन वर्षांनी ते येना विद्यापीठात शिकवायला लागले. पद मोठं नव्हतं आणि पगार तर त्याहून नव्हता. येनासुद्धा तेव्हा छोटंसं गाव होतं. पण त्याच गावात कार्ल झाइस नावाच्या कारागिराचं वर्कशॉप होतं.

अंदाजपंचे मायक्रोस्कोप

कार्ल झाइस यांनी हे वर्कशॉप १८४६ मध्ये काढलं होतं. विद्यापीठाची उपकरणं दुरुस्त करायची, मायक्रोस्कोप बनवायचे असा धंदा. माल चांगला होता, गिऱ्हाईक होतं. पण झाइस यांना एक गोष्ट सतत खुपत होती. मायक्रोस्कोप बनायचे ते सगळे अंदाजानं.

म्हणजे कसे? कारागीर भिंगांचा ढीग घेऊन बसायचा. हे भिंग त्याच्यापुढे ठेवून बघ, अंतर थोडं कमी कर, नाही जमलं तर दुसरं उचल. चित्र स्पष्ट दिसलं की झालं. त्या कारागिराच्या नजरेवर आणि हातावर सगळा खेळ. तोच कारागीर तसाच दुसरा मायक्रोस्कोप करायला बसला की तो पहिल्यासारखा होईलच याची खात्री नाही. झाइस यांना हे आधी कागदावर गणितानं ठरवून हवं होतं. भिंगाची गोलाई किती, जाडी किती, दोन भिंगांत अंतर किती, सगळं आधी ठरलेलं.

१८६६ मध्ये त्यांनी आबे यांना गाठलं. झाइस पन्नाशीचे, आबे २६ वर्षांचे.

इथे कुणालाही वाटेल की हुशार प्राध्यापक आला, त्यानं गणित मांडलं आणि प्रश्न सुटला. झालं उलटंच. आबे यांनी हिशोब करून पहिली भिंगं बनवून घेतली, तर ती जुन्या अंदाजी भिंगांपेक्षा वाईट निघाली. भिंगाचा मधला अरुंद भागच वापरला तर चित्रातले दोष कमी होतात, या समजुतीवर त्यांनी हिशोब बेतला होता. दोष खरंच कमी झाले. पण चित्रातले बारीक तपशीलही गायब झाले. पैसे झाइस यांचे गेले आणि वर्षंही गेली.

या अपयशातून आबे ज्या निष्कर्षावर आले, तो आज भौतिकशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. प्रकाश ही लाट आहे. वस्तूवरच्या अगदी बारीक रेघांवरून जाताना ती वाकते, पसरते. रेघा जितक्या बारीक, तितका प्रकाश जास्त बाजूला फेकला जातो. भिंगानं तो बाजूला गेलेला प्रकाश पकडला नाही, तर त्या रेघा दिसणारच नाहीत, भिंग कितीही निर्दोष असो. १८७३ मध्ये त्यांनी हा सिद्धांत प्रसिद्ध केला. साध्या प्रकाशात मायक्रोस्कोपमधून किती बारीक बघता येईल याची मर्यादाच त्यातून ठरली. ती साधारण प्रकाशलहरीच्या लांबीच्या निम्मी. येनामध्ये त्यांच्या स्मारकाच्या दगडावर हे सूत्र कोरलेलं आहे.

तोपर्यंत, १८७२ पासूनच, झाइसचे मायक्रोस्कोप गणितानं बनायला लागले होते. १८७६ पासून आबे वर्कशॉपचे भागीदार झाले.

हिशोब करायचा तर काच नेमकी कशी आहे, प्रकाशाला किती वाकवते, हे मोजावं लागतं. त्यासाठी आबे यांनी स्वतःच उपकरण तयार केलं, रिफ्रॅक्टोमीटर. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचं आणि नाशिककडच्या बागांमध्ये द्राक्षांचं ब्रिक्स ज्यानं बघतात ते उपकरण याच घराण्यातलं.

कल्पना चांगली, काच वाईट

आता दुर्बिणीकडे येऊ. दोन भिंगांची साधी दुर्बीण चित्र उलटं दाखवते. आकाशातला ग्रह उलटा दिसला तर बिघडत नाही, पण झाडावरचा पक्षी उलटा दिसून चालत नाही. चित्र सुलटं करायला मध्ये आणखी भिंगं घालावी लागायची आणि नळी हातभर लांब व्हायची. दुसरा पर्याय म्हणजे नाटकाच्या थिएटरात वापरायची छोटी जोडदुर्बीण. ती सुटसुटीत होती, पण दिसायचं अगदी चिमूटभर क्षेत्र आणि मोठं करायची ताकद बेताची.

आबे यांचा उपाय असा होता की नळीत काचेचे दोन प्रिझम ठेवायचे. प्रकाश प्रिझममध्ये शिरतो, आतल्या भिंतींवर आपटून वळतो, बाहेर पडतो, दुसऱ्यात पुन्हा तसंच. यात चित्र सुलटं होतं आणि प्रकाशाचा रस्ता घडी घातल्यासारखा दुमडला जातो. नळी आखूड होते. १८७३ च्या सुमारास त्यांनी अशी दुर्बीण करूनही पाहिली.

मग ती बाजूला ठेवून दिली. कारण काच. भिंगाची जाडी काही मिलिमीटर असते, पण प्रिझममध्ये प्रकाशाला काचेतून बराच लांबचा प्रवास करावा लागतो. काचेत किंचित पिवळट झाक असेल, बारीक बुडबुडे असतील, कुठे घट्ट कुठे पातळ अशा रेषा असतील, तर भिंगात ते खपून जातं. प्रिझममध्ये ते डोळ्यावर येतं. त्या काळी ऑप्टिकल काच बनवणारे मोजकेच कारखाने होते, मुख्यतः इंग्लंड आणि फ्रान्समध्ये, आणि काचेचे प्रकारही मोजकेच. आबे यांचं गणित पुढे गेलं होतं आणि काच मागे राहिली होती. १८७६ मध्ये लंडनला वैज्ञानिक उपकरणांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते पाहून आल्यावर आबे यांनी आपल्या अहवालात हीच तक्रार मांडली.

तीन वर्षांनी, १८७९ मध्ये, त्यांना एका अनोळखी तरुणाचं पत्र आलं. ओटो शॉट. वय २७-२८, काचेच्या धंद्यातल्या घराण्यातला, रसायनशास्त्र शिकलेला. त्यानं लिथियम घालून नवी काच वितळवली होती आणि ती तपासून मिळेल का अशी विचारणा केली होती. ती काच फारशी कामाची निघाली नाही. पण हा तरुण कामाचा आहे हे आबे यांनी ओळखलं. शॉट काच वितळवून नमुने पाठवायचे, आबे ते मोजून कळवायचे. १८८२ मध्ये शॉट येनालाच राहायला आले. १८८४ मध्ये शॉट, आबे, कार्ल झाइस आणि त्यांचा मुलगा रोडेरिश यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा काढली. आजची शॉट कंपनी ती हीच.

या प्रयोगशाळेतून बोरॉन आणि बेरियम घातलेल्या काचा आल्या. दुर्बिणीच्या माहितीपत्रकात प्रिझमपुढे बीके-७ किंवा बॅक-४ लिहिलेलं असतं ना? बीके म्हणजे बोरॉनवाली काच, बॅक म्हणजे बेरियमवाली. दोन्हींचा वंश येनाच्या भट्टीतला.

१८८६ मध्ये आबे यांनी मायक्रोस्कोपसाठी नवी भिंगं आणली. साध्या भिंगात लाल, निळा, हिरवा हे रंग वेगवेगळ्या जागी जुळतात. त्यामुळे काळ्या वस्तूच्या कडेला जांभळी किंवा हिरवी झाक दिसते. हे टाळायला आबे यांनी नव्या काचांबरोबर फ्लोराइट हे खनिज वापरलं. त्याचे स्वच्छ तुकडे स्वित्झर्लंडच्या डोंगरातून यायचे. काच रंग किती फाकवते याच्या मोजमापाला आज 'आबे अंक' म्हणतात. अंक जितका मोठा तितके रंग कमी फाकतात. साध्या बोरॉन काचेचा अंक ६४ च्या आसपास आहे, फ्लोराइटचा ९५. आजच्या दुर्बिणींवरची 'ईडी' आणि 'एफएल' ही अक्षरं हेच सांगतात की आत मोठ्या आबे अंकाची काच आहे.

१८९४ ची दुर्बीण

चांगली काच हाती आल्यावर आबे जुन्या कल्पनेकडे परतले. १८९३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि तिथे वेगळाच धक्का बसला. इग्नात्सिओ पोरो नावाच्या इटालियन लष्करी इंजिनिअरनं १८५४ मध्येच प्रिझमनं चित्र सुलटं करायच्या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. आबे यांना त्याची कल्पना नव्हती. म्हणूनच या प्रिझमला आजही पोरो प्रिझम म्हणतात, आबे प्रिझम नाही.

आबे यांना पेटंट मिळालं ते एका वेगळ्या मुद्द्यावर. त्यांच्या जोडदुर्बिणीत पुढची दोन भिंगं डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त लांब ठेवलेली होती. आपले दोन डोळे वेगवेगळ्या कोनातून बघतात म्हणून आपल्याला खोली कळते. भिंगं आणखी लांब नेली की खोली जास्त जाणवते. कुठलं झाड पुढे आणि कुठलं मागे हे लगेच कळतं. जुन्या पद्धतीच्या दुर्बिणीला खांदे असल्यासारखा आकार दिसतो तो यामुळे. आज वरच्या श्रेणीतल्या जवळपास सगळ्या दुर्बिणी सरळ नळीच्या झाल्यात. त्या हातात छान बसतात, पण त्यात हा फायदा नाही. नवं मॉडेल म्हणजे प्रत्येक बाबतीत पुढे, असं समजणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

१८९४ मध्ये झाइसनं तीन दुर्बिणी विकायला काढल्या, ४×११, ६×१५ आणि ८×२०. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. आबे यांच्या ८×२० मध्ये ती अडीच मिलिमीटर. भर दुपारी ठीक. पण संध्याकाळी आपली बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते तेव्हा हा झोत अपुरा पडतो. आजच्या ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर आहे. आणि हा आकडा ८×४२ च्या जुन्या मॉडेलमध्ये जितका, तितकाच नव्यामध्ये. त्यात कुठलीही नवी आवृत्ती भर घालू शकत नाही.

स्वतःची कंपनी देऊन टाकली

डिसेंबर १८८८ मध्ये कार्ल झाइस वारले. आबे आता श्रीमंत होते. विद्यापीठातल्या वेधशाळेचे संचालक, मोठ्या कंपनीचे मालक, काचेच्या कारखान्यात भागीदार. इथून पुढे त्यांनी जे केलं ते त्यांच्या भिंगांइतकंच थक्क करणारं आहे.

१८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाइस फाउंडेशन स्थापन केलं. नाव स्वतःचं नाही, झाइस यांचं. १८९१ मध्ये कंपनीतली आपली मालकी या फाउंडेशनला देऊन टाकली. रोडेरिश झाइस यांना मोबदला देऊन त्यांचा वाटाही फाउंडेशनकडे आणला. काचेच्या कारखान्यातला आपला वाटाही दिला. म्हणजे दुर्बिणी बाजारात यायच्या तीन वर्षं आधीच आबे मालक राहिले नव्हते. त्याच कंपनीत ते पगारावर काम करणारे संचालक झाले होते.

त्यांचा विचार सरळ होता. या कंपनीचा नफा विद्यापीठातल्या ज्ञानातून आणि शेकडो कामगारांच्या हातातून आला आहे, तर तो एका घरात का जावा? १८९६ मध्ये फाउंडेशनची सविस्तर नियमावली झाली. कामगारांना पगारी रजा, आजारपणात मदत, पेन्शन, नफ्यात वाटा. कामावर घेताना धर्म, वंश, राजकीय मत बघायचं नाही. आणि एक कलम असं की कंपनीतल्या सर्वात वरच्या अधिकाऱ्याचा पगार कामगाराच्या सरासरी कमाईच्या दहा पटींपेक्षा जास्त असणार नाही. आजच्या मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदाशी हे कलम ताडून बघण्यासारखं आहे.

१९०० मध्ये झाइसमध्ये आठ तासांचा दिवस सुरू झाला. त्याआधी तो नऊ तासांचा होता. आठ तासांच्या कामाचा कायदा जर्मनीत यायला अजून बराच वेळ होता. इतर कारखानदारांना हा वेडेपणा वाटत होता. आबे यांनी यावर भावनेनं वाद घातला नाही, मोजमाप केलं. नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांचे आधीचे आणि नंतरचे आकडे घेतले. तासाचं काम इतकं वाढलं होतं की आठ तासांत नऊ तासांपेक्षा कमी काम होत नव्हतं. हे आकडे मांडताना त्यांनी सभेत सांगितली ती वडिलांची आठवण, यंत्राला टेकून जेवण्याची.

यातून कामगारांना स्वर्ग मिळाला असं कुणी समजू नये. फाउंडेशन ही शेवटी धंदा चालवणारी संस्था होती आणि नियमावली एका माणसानं लिहिलेली होती. पण वरून दिलेली मेहेरबानी आणि कागदावर लिहिलेला हक्क यात फरक असतो. आबे यांनी दुसरं निवडलं, जेणेकरून आपल्यानंतर येणाऱ्याच्या मर्जीवर काही राहू नये.

या सगळ्यात तब्येत गेली. अनेक वर्षं रात्र-रात्र काम, झोप न येणं, झोपेची औषधं. १९०३ मध्ये त्यांनी कंपनीतलं पद सोडलं. १४ जानेवारी १९०५ ला, ६५ वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना, येनामध्ये त्यांचं निधन झालं. एकेकाळी हाताच्या बोटांवर मोजावेत इतक्या कारागिरांच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा हजारावर माणसं काम करत होती.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्सुशिमाच्या समुद्रात जपानी नौदलानं रशियाचं आरमार बुडवलं. जपानचे अ‍ॅडमिरल तोगो यांच्या गळ्यात तेव्हा झाइसची दुर्बीण होती, ५ पट आणि १० पट अशा दोन्ही ताकदींची.

आबे यांच्यानंतर काय बदललं?

आकृती बघितली तर फारसं नाही. पुढे भिंग, मध्ये प्रिझम, मागे डोळ्याचं भिंग. बदललं ते काचेवर लावलेल्या थरांमध्ये.

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ ते ५ टक्के प्रकाश मागे फिरतो. आबे यांच्या काळातल्या दुर्बिणीत एका नळीत असे दहाएक पृष्ठभाग धरले, तर एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश वाटेतच संपतो. १९३५ मध्ये झाइसच्याच आलेक्झांडर स्माकुला यांनी हे परावर्तन कमी करणाऱ्या पातळ थराचं पेटंट मिळवलं. जुन्या झाइसवर दिसणारं 'टी' अक्षर त्या थराची खूण. पुढे एकावर एक अनेक थर द्यायचं तंत्र आलं, ते 'टी-स्टार'.

दुसरा मोठा टप्पा १९८८ चा. सरळ नळीच्या दुर्बिणीतल्या प्रिझमला छपरासारखी धार असते. त्या धारेवर प्रकाश दोन भागांत विभागला जातो आणि पुन्हा जुळताना किंचित बिनसतो. चित्र थोडं मऊ, फिकट दिसतं. झाइसनं त्यावर खास थर काढला. झाइसच्या जुन्या दुर्बिणीवर 'टी-स्टार'च्या पुढे 'पी' अक्षर असेल तर तो थर आहे. १९८८ च्या आधीची सरळ नळीची महागडी दुर्बीण स्वस्तात मिळत असेल तर हे अक्षर आधी शोधावं. पोरो प्रिझमला या थराची गरजच लागत नाही, त्यामुळे त्या काळातली चांगली पोरो दुर्बीण महागड्या सरळ नळीलाही भारी पडू शकते.

आणखी एक गुंता नावाचा आहे. १९४५ मध्ये येना रशियाच्या ताब्यात जाण्याआधी अमेरिकी सैन्यानं झाइस आणि शॉटमधले निवडक तज्ज्ञ सोबत नेले. पश्चिमेत ओबरकोखेनला नवी झाइस उभी राहिली, पूर्वेत येनाची चालू राहिली. जर्मनी एक होईपर्यंत दोन वेगळ्या कंपन्या, नावावरून कोर्टकचेऱ्या. म्हणून जुन्या दुर्बिणीवर 'कार्ल झाइस येना' दिसलं तर ती कुठल्या काळातली आणि तिच्यावर कुठले थर आहेत हे बघावं लागतं. नुसतं नाव पुरेसं नाही.

मग जुनं घ्यावं की नवं?

झाइसचंच उदाहरण घेऊ. 'एफएल' मालिका २००४ ची, 'एचटी' २०१२ ची, 'एसएफ' त्यानंतरची. तिन्हींमध्ये ८×४२ आहे. एफएल आणि एचटीच्या ८×४२ मध्ये आबे-कोनिग प्रिझम आहे. त्यात प्रकाश आतल्या आत पूर्ण परावर्तित होतो, आरशाचा थर लागत नाही. म्हणून प्रकाश कमी वाया जातो, पण प्रिझम लांब असतो. एसएफमध्ये आखूड, वेगळा प्रिझम आहे आणि त्याला एका बाजूला आरशासारखा थर द्यावा लागतो. म्हणजे प्रकाशाच्या एका हिशोबात जुनं मॉडेल सरस. एसएफ पुढे जाते ती दुसरीकडे. हजार मीटरवर एचटीच्या ८×४२ मधून १३६ मीटर रुंद दिसतं, एसएफमधून १४८ मीटर. शिवाय तिचं वजन डोळ्यांच्या बाजूला झुकतं ठेवलंय, त्यामुळे हात कमी दुखतात.

भिगवणला पाण्यावर उडणारा थवा धरायचा असेल तर १२ मीटरचा फरक खरा फरक आहे. पहाटे जंगलात घुबड शोधायचं असेल तर त्या १२ मीटरसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. आणि दोन्ही ९० टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे प्रकाश पोचवत असतील, तर जाहिरातीतला दोन टक्क्यांचा फरक डोळ्याला कळत नाही. तीस-चाळीस वर्षं जुनी दुर्बीण आणि आजची यांतला फरक मात्र पहिल्याच नजरेत कळतो.

जुनी दुर्बीण घेताना आपल्या हवेचाही विचार करावा. आजच्या दुर्बिणी सीलबंद असतात, आत नायट्रोजन भरलेला असतो. जुन्या बहुतेक तशा नाहीत. कोकणातले किंवा मुंबईतले चार पावसाळे काढलेल्या दुर्बिणीत बुरशी असू शकते. मोठ्या भिंगाच्या बाजूनं आत टॉर्च मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बुरशीनं थर खाल्ला असेल तर साफ करूनही तो परत येत नाही.

दुकानात दोन्ही मॉडेल शेजारी ठेवून बघायची संधी मिळालीच तर ट्यूबलाइटखाली बघू नये. दुकानदाराला विनंती करून दाराबाहेर यावं, शक्यतो दिवस मावळताना. विजेची तार किंवा सुकलेली फांदी आकाशासमोर धरावी. कडेला जांभळी झाक किती, मध्यापासून किती लांब जाईपर्यंत रेघ धारदार राहते, दोन्ही डोळ्यांतलं चित्र सहज जुळतं का ते बघावं. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघावं. आणि सावलीतल्या झाडाच्या खोडाची साल कुठल्या दुर्बिणीतून जास्त दिसते, हे दोनदा अदलाबदल करून तपासावं, शक्यतो कुठलं मॉडेल महाग आहे हे न बघता.